पंक्चरवाल्याची उलटी सायकल

ठसेबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. कलाभवनाच्या मागच्या अंगाला, जिन्याखालून वाकून आत गेलं की एक लांबट खोली लागते. त्या खोलीत बाई एकोणीस वर्षं लाकडात चित्रं कोरत होत्या आणि कागदावर छापत होत्या. लाकूड मात्र विकतचं चालायचं नाही. कुणाचं कपाट मोडीत निघालं, कुणी फळांची खोकी रस्त्यावर टाकली, कुणी पाय तुटलेलं टेबल दाराबाहेर काढून ठेवलं, की बाई तिथे हजर. लोकांना आधी वाटायचं, बिचारीकडे जाळायला काही नसावं. मग कधीतरी त्याच टेबलाच्या फळीवरून निघालेलं चित्र त्यांच्यासमोर यायचं आणि ते ओशाळायचे.

शाई बाई स्वतः घोटायच्या. काजळी आणि जवसाचं तेल, बस्स. काचेच्या तुकड्यावर तासभर घोटलं की लोण्यासारखी मऊ शाई तयार. कागद जुन्या सुती कपड्यांच्या चिंध्यांचा, हाताने केलेला. काम संपलं की शाई लावायचा रूळ पुसायला खाण्याचं तेल आणि वर साबणाचं पाणी. हे ऐकून कुणी 'पर्यावरणपूरक कला' असं काही म्हणालं की बाईंच्या कपाळाला आठी पडायची. त्या म्हणायच्या, मी काही पृथ्वी वाचवायला निघालेले नाही, मला फक्त कुणाच्या छातीत विष घालायचं नाही.

ही छाती म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची, दादांची. छपाई बाईंना दादांनी शिकवली. दादांचं स्वतःचं काम जस्ताच्या पत्र्यावरचं. पत्रा ॲसिडात बुडवायचा, ओरखडलेल्या रेषा त्याला खाऊ द्यायच्या, मग टर्पेंटाइनने पुसून काढायचा. याच कलाभवनात, याच लांबट खोलीत, खिडक्या बंद करून. वारा आला तर ओला कागद वाळतो, म्हणून खिडक्या बंद. सव्वीस वर्षं माणूस ॲसिडच्या वाफेत नाक घालून उभा होता आणि कुणाला वाटलं नाही की त्याला एक पंखा द्यावा. वापरलेलं ॲसिड मागच्या गटारात. त्या गटाराच्या कडेला गवताचं पातं उगवत नसे, ते सगळ्यांना दिसत होतं, पण तेही कुणी मनावर घेतलं नाही. शेवटी दादांना चार पायऱ्याही चढता येईनात, तेव्हा संस्थेने निरोप समारंभ केला, गळ्यात हार घातला आणि एका मोठ्या फ्रेममध्ये मानपत्र दिलं. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे शाईचा वास म्हणून घ्यायचा नाही. तेव्हापासून दादा बाईंच्या दोन खोल्यांच्या घरात, खिडकीजवळच्या खुर्चीत.

खोली बाईंकडे आली तेव्हा त्यांनी पहिलं काम केलं ते ॲसिड बंद करायचं. त्यासाठी नऊ अर्ज केले, दोन वर्षं गेली. संस्थेत त्यांना खुळी म्हणत. एक कारकून तर त्यांच्या तोंडावर म्हणाला होता की बाई, तेलाने पुसून कधी कला होते का, भजी होतात. बाईंनी ऐकून घेतलं आणि नववा अर्ज लिहायला बसल्या. नंतर त्यांचं बघून तिघीचौघी शिकायला यायला लागल्या, त्यांचीही बोटं काळी झाली, आणि ती खोली हळूहळू बाईंचीच झाली. कागदोपत्री मात्र ती संस्थेची होती आणि दरवर्षी संचालकांच्या सहीने एका वर्षासाठी पुढे चालू राहायची.

आता संस्थेची हीच मंडळी बाईंचे गोडवे गायला लागली होती, तेही फुकट नव्हे. प्लॅस्टिकच्या बाटल्या बनवणारी एक कंपनी होती, तिला पन्नास वर्षं झाली होती. पन्नास वर्षं बाटल्या बनवून झाल्यावर कंपनीला अचानक झाडांचा कळवळा आला. मोठा समारंभ करायचा, दीडशे पाहुणे बोलवायचे आणि प्रत्येकाला हाताने छापलेलं, निसर्गाला न दुखावणारं चित्र भेट द्यायचं असं ठरलं. समारंभ कलाभवनात. संचालकांनी बाईंना बोलावून खुर्ची दिली, चहा मागवला. एकोणीस वर्षांत त्यांनी मागवलेला तो पहिला चहा.

त्यांना हवा होता 'पंक्चरवाला'. बाईंच्या गल्लीच्या तोंडाशी एक सायकल दुरुस्त करणारा बसतो, डोक्यावर झाड, झाडाला पाटी, 'पंक्चर काढून मिळेल'. बाईंनी महिनाभर त्याच्या शेजारी बसून रेखाटनं केली होती आणि फळांच्या खोक्याच्या फळीवर ते चित्र कोरलं होतं. पहिला छाप त्यालाच दिला. त्याने तो हातात धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाला, साखळी बरोब्बर उजव्या बाजूला काढलीत, नाहीतर चित्रकार लोक कुठेही काढतात. बाईंना मिळालेल्या सगळ्या बक्षिसांपेक्षा हे वाक्य त्यांना जास्त आवडत असे.

पण दीडशे कुठून आणणार? खोक्याचं लाकूड मऊ असतं. वीसेक छाप निघाले की रेषा दबायला लागतात, बारीक काड्या मोडतात. बाईंनी वीस काढून थांबवलं होतं आणि ते वीसही केव्हाच गेले होते. त्यांनी संचालकांना सांगितलं की नव्याने कोरते, घट्ट लाकडावर, चार महिने द्या. संचालकांकडे तीन आठवडे होते. बघू म्हणाले.

त्यांनी काय बघितलं ते पुढल्याच आठवड्यात कळलं. बाईंना सभागृहात बोलावणं आलं. लांब टेबलावर गुळगुळीत कागदांचे गठ्ठे होते, शेजारी प्लॅस्टिकच्या पिशव्या, प्रत्येक पिशवीवर हिरव्या पानाचा स्टिकर आणि खाली छापलेलं: 'हाताने छापलेलं. निसर्गाला जपून.' संचालक म्हणाले की बाई, बाकी सगळं आम्ही करून घेतलंय, तुम्हाला काही म्हणता काही त्रास नाही, फक्त सह्या करायच्या.

बाईंनी वरचा कागद उचलला. पंक्चरवालाच होता. मोठ्या मशीनवर छापलेला, आरशासारखा चकचकीत. तळपायाची आग मस्तकात गेलीच होती, पण त्याआधी काहीतरी डोळ्याला खुपत होतं. झाड भलतीकडे वाकलं होतं. पंक्चरवाला डावखुरा झाला होता. आणि सायकलची साखळी डाव्या बाजूला होती.

हे कसं झालं ते बाईंना क्षणात कळलं. लाकडावर सगळं उलटं कोरायचं असतं. कागदावर उतरताना ते उलटतं, म्हणजे सुलटं होतं. ठसा, म्हणजे कोरलेली फळी, आणि छाप हे समोरासमोर बसलेल्या दोन माणसांसारखे, एकाची उजवी बाजू दुसऱ्याच्या डावीकडे. छाप एकही शिल्लक नव्हता, तेव्हा या लोकांनी रविवारी, बाई नसताना, त्यांची खोली उघडून सरळ ठशाचाच फोटो काढला होता आणि तोच छापला होता. पण मग पाटीवरची अक्षरं? तीही उलटी दिसायला हवी होती. ती मात्र नीट वाचता येत होती, 'पंक्चर काढून मिळेल'.

"अरे हो, एक सांगायचं राहिलं," संचालक हसत म्हणाले. "पाटीवरची अक्षरं तुमच्याकडून उलटी कोरली गेली होती. आमच्या कॉम्प्युटरवाल्याच्या लक्षात आलं म्हणून बरं. आम्ही सुधारून घेतली. कुठे बोललो नाही, होतं असं कधीकधी."

बाईंना हसावं की रडावं कळेना. चोवीस वर्षं कलाभवन चालवणारा माणूस! ज्या इमारतीत रोज ठसे कोरले जातात तिच्या वरच्या मजल्यावर बसून या माणसाला ठसा उलटा असतो एवढं ठाऊक नव्हतं. आणि वर हा बाईंची चूक पोटात घालणार होता. त्यांनी समजावून सांगितलं, साखळी दाखवली, झाड दाखवलं. संचालकांनी घड्याळाकडे बघितलं. त्यांचं म्हणणं एवढंच की लाकूड तुमचं, कोरलंय तुम्ही, मग मधल्या मशीनने असा काय फरक पडतो, आणि साखळी कोण बघतंय? बाई म्हणाल्या, हे हाताने छापलेलं नाही, आणि जे मी छापलं नाही त्यावर मी सही करणार नाही.

मग संचालकांनी आवाज खाली आणला. खालच्या खोलीचं वर्ष या महिन्यात संपतंय, हे त्यांनी आठवणीने सांगितलं. समितीत काही जणांना तिथे भेटवस्तूंचं दुकान हवंय. पण कंपनी खूश झाली तर खोली एकदम पाच वर्षांसाठी बाईंच्या नावे करून घेता येईल. "तुम्ही विचार करा," ते म्हणाले, "दीडशे सह्या आणि पाच वर्षं."

घरी आल्यावर बाईंनी दादांना सगळं सांगितलं. अक्षरं सुधारल्याचं ऐकून दादा इतके हसले की त्यांना ढास लागली आणि बाईंना पाठ चोळावी लागली. श्वास जागेवर आल्यावर मात्र ते म्हणाले की सह्या करून टाक.

"दादा, तू सांगतोस हे?"

"मीच सांगतो. त्या खोलीत मी छाती घालवली. ती भेटवस्तूंच्या दुकानासाठी नाही घालवली. चार पोरी शिकतात तुझ्याकडे. दीडशे शेठजींच्या घरी एक खोटा कागद गेला तर कुणाचं काय जातं? कपाटामागे पडेल तो."

 त्या संध्याकाळी बाईंनी ताट वाढलं ते आदळूनच. राग दादांचा येत होता की ते म्हणाले त्यात तथ्य होतं याचा, ते त्यांनाच ठरवता येईना. खोली गेली तर एवढे ठसे कुठे न्यायचे? लोखंडी प्रेस, जिचं चाक फिरवून फिरवून त्यांचे खांदे रुंद झाले होते, ती संस्थेची. ती काही मिळणार नाही. आणि सही केली तर पंक्चरवाल्यासमोरून जायचं कुठल्या तोंडाने? एक छाप त्याच्याकडे आहेच, उद्या कुणी ही नक्कल त्याला दाखवली तर तो आधी साखळीच बघणार.

तिसऱ्या दिवशी बाई गेल्या आणि म्हणाल्या, आणा कागद. संचालकांचा चेहरा उजळला. त्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली.

छापचित्रावर सही पेन्सिलीने करतात, ही जुनी रीत आहे. चित्राखाली डावीकडे कितवा छाप त्याचा आकडा, उजवीकडे सही आणि मधोमध चित्राचं नाव. बाईंनी पिशवीतून पेन्सिल काढली आणि पहिल्या कागदावर टेकवली. उमटेना. कागदावर प्लॅस्टिकचा थर होता, त्यावरून शिसं नुसतं घसरत होतं. दाबलं तर टोक मोडलं. संचालक म्हणाले, थांबा थांबा, आणि त्यांनी कपाटातून जाडा काळा मार्कर आणून दिला. हा कशावरही उमटतो, मग पाण्याने जात नाही की कशाने जात नाही, असंही त्यांनी कौतुकाने सांगितलं. सही उजवीकडे आणि मधे तुम्ही नेहमी लिहिता ते, एवढं बोलून ते फोन घ्यायला बाहेर गेले.

मधे बाई नेहमी खरं तेच लिहायच्या. त्यांनी तेच लिहिलं. 'यंत्रावर छापलेली नक्कल. ठशावरून काढलेली नाही. सायकल उलटी आहे.' आणि उजवीकडे सही, पूर्ण नावाची. आकड्याच्या जागी काही नाही.

कागद पिशवीत घालायला एक म्हातारा शिपाई बसवला होता. रविवारी खोलीचं कुलूप त्यानेच काढून दिलं होतं आणि तेव्हापासून तो बाईंना चुकवत होता. पहिला कागद त्याच्यापुढे आला तसा त्याने तो वाचला. एकदा बाईंकडे बघितलं. मग कागद पिशवीत घातला, पानाचा स्टिकर अंगठ्याने दाबून नीट बसवला आणि पुढच्यासाठी हात पुढे केला. दोन दिवस दोघं तसे समोरासमोर बसले होते. दार उघडं होतं, कागद टेबलावर पसरलेले होते, कुणीही येऊन वाचावं. संचालक चारदा डोकावले आणि चारही वेळा त्यांनी फक्त किती झाले तेवढंच विचारलं.

समारंभात स्टेजवर भलामोठा फ्लेक्स होता, त्यावर जंगल. प्रमुख पाहुण्या होत्या एक निवृत्त न्यायाधीश. संचालकांनी भाषणात लोप पावत चाललेल्या हस्तकलेबद्दल आणि निसर्गाच्या कुशीबद्दल बरंच सांगितलं आणि पहिली भेट त्यांच्या हातात दिली. दुसऱ्या कुणी ती हसून बाजूला ठेवली असती. पण या न्यायाधीशांचं सगळं आयुष्य सहीच्या वरचा मजकूर वाचण्यात गेलेलं. त्यांनी चष्मा लावला, कागद पिशवीतून काढला आणि माइक समोर होताच, म्हणून सवयीने मोठ्याने वाचला. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं, कारण त्यांना ते नीट कळलं नाही. मग त्यांनी चित्राकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "खरंच की. साखळी इकडे नसते."

सभागृहात पिशव्या फाडल्याचा आवाज सुरू झाला. प्रत्येकाला आपापली उलटी सायकल बघायची होती. कंपनीचा मालक उठून गेला. संचालक घामाघूम होऊन मागच्या रांगेत बाईंपाशी आले आणि दातओठ खात म्हणाले की तुम्ही आम्हाला फसवलंत.

"मी?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, पण आजूबाजूच्या दोन रांगांना ऐकू गेला. "सहीची जागा तुम्ही दाखवलीत, मार्कर तुम्ही दिलात. वाचायचं काम तेवढं तुमच्याकडे होतं."

आठवड्याभरात खोली रिकामी करण्याचं पत्र आलं. शिकणाऱ्या तिघीचौघींनी हातगाडी आणली. ऐंशी-नव्वद ठसे, काच, रूळ, कोरण्या, सगळं बाईंच्या घरी येऊन पडलं: पलंगाखाली, ओट्याखाली, न्हाणीघराच्या दाराशी. प्रेस तिथेच राहिली. दुकानात तिच्यावर आता कुंडी ठेवली आहे म्हणे, शोभा म्हणून.  बारा दिवस बाईंनी कशाला हात लावला नाही. डाळ निवडत बसायच्या, निवडलेलीच डाळ पुन्हा निवडायच्या.

तेराव्या दिवशी सकाळी दादा खुर्चीतून म्हणाले की स्वयंपाकाच्या टेबलावर कर की काम, प्रेस नसली तर पळीच्या पाठीने घासून काढ, आपण शिकताना तसंच काढायचो. बाई म्हणाल्या, इथे नको, तुला वास लागेल, छातीला त्रास होईल.

"कसला वास? काय असतं तुझ्या शाईत?"

"काजळी. जवसाचं तेल."

"आणि पुसायला?"

"खायचं तेल."

 दादांचा चेहरा लाल होत गेला. इतक्या वर्षांत बाईंनी त्यांना असं चिडलेलं बघितलं नव्हतं. धाप लागत होती म्हणून ते थांबून थांबून बोलत होते, पण शब्द सगळे पोचत होते.

"एकोणीस वर्षं. संस्थेला अर्ज, पोरींना धडे, पाहुण्यांना व्याख्यानं, की माझ्या शाईत विष नाही. आणि मला एकदा नेलं नाहीस तिथे. एकदा. मी इथे खिडकीत बसून सायकली मोजल्या. विश्वास नव्हता ना तुझा तुझ्याच शाईवर?"

 डॉक्टर म्हणाले होते, हे खरं होतं. पण डॉक्टर म्हणाले होते ते ॲसिडच्या दिवसांत, टर्पेंटाइनच्या शाईबद्दल. पुन्हा जाऊन विचारायचं त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. आलं असेल तर भीतीने त्यांनी ते मागे सारलं होतं. संचालकांशी बाई दोन रांगांना ऐकू जाईल असं बोलल्या होत्या. इथे समोर फक्त दादा होते आणि चूक बाईंची होती.

त्या उठल्या. टेबलावरची डाळ बाजूला केली, पलंगाखालून एक अर्धवट कोरलेला ठसा ओढून काढला, काचेवर शाई घोटली. दादांची खुर्ची टेबलापर्यंत सरकवली. रूळ फिरवला, ओला कागद ठशावर अंथरला आणि पळी दादांच्या हातात दिली. कुठे दाबायचं आणि कुठे नुसतं फिरवायचं ते दादांच्या हाताला अजून पाठ होतं. मधे दोनदा थांबून त्यांनी श्वास घेतला. ढास लागली नाही. मग त्यांनी कागदाची दोन टोकं चिमटीत धरली, हळूच सोलून काढावा तसा तो उचलला आणि उजेडाकडे धरला.

"डावीकडे शाई कमी पडलीय," दादा म्हणाले. "परत लाव."